कुंभारणीचं घर

"दिवा लावून लगेच पाठ फिरवू नको रं हिरा. नव्या नवरीवानी असतो तो. घर ओळखीचं होईस्तोवर जवळ उभं ऱ्हावं लागतं. दोन ओव्या म्हन, मग हात काढ."

पंचावन्न वर्षं झाली या आवाजाला. सखुबाईचा आवाज. मिठागरावरून उन्हं कलताना परत यायची, पायांना भेगा, भेगांत मीठ, आणि तशाच पायांनी ओटीवरचा कंदील लावायची. काच बसवेपर्यंत तळहाताचा आडोसा धरून म्हणायची,

*ज्योत माझी लहानगी, हाताच्या गं आडोशाला*
*वाऱ्या, जा रं समुद्राला, नको येऊ भेटायाला*

*ज्योत माझी थरथरे, जशी माहेराची वाट*
*थांब थांब वेडे बाई, सरू दे गं काळी रात*

आता सखुबाई नाही, कंदील नाही, ओटीही नाही. पण तिचा लेक हिरामण, वय बासष्ट, किहीमच्या आपल्या घरात न्हाणीघरातल्या स्टुलावर उभा राहून त्याच दोन ओव्या पुटपुटत होता. डाव्या हाताचा अंगठा गॅस गिझरच्या बटणावर दाबलेला, उजव्या हातात विझलेली काडी, आणि समोरच्या बारीक खिडकीतून दिसणारी करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत.

गिझर जुना होता. समुद्राकडच्या ज्या बंगल्याची राखण हिरामण करायचा, तिथल्या मालकांनी छपरावर सौर बंब बसवला तेव्हा हा काढून त्याला दिला. नव्या गिझरांना सेल लागतात, नळ सोडला की टक्‌टक्‌ करून आपसूक पेटतात. याच्यात तसलं काही नव्हतं. याची एक लहान ज्योत अष्टौप्रहर तेवत राहायची आणि नळ सोडला की तिच्यावरूनच मोठी ज्योत भपकन पेट घ्यायची. लहान ज्योतीला चिकटून तांब्याची बोटभर काडी असते. ती तापली की आतली झडप उघडी राहते, गार पडली की झडप मिटते आणि गॅस बंद होतो. काडी तापायला अर्धा मिनिट लागतो. तोवर बटण सोडायचं नाही. हिरामणनं एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. आईच्या दोन ओव्या बरोबर अर्ध्या मिनिटाच्या निघाल्या.

दुसरी ओवी संपली. त्यानं अंगठा उचलला. ज्योत राहिली.

"पेटला का तुमचा देव?" दारातून त्याच्या बायकोनं, मनुबाईनं विचारलं.

"पेटलाय."

"काल पन पेटलावता. परवा पन. माचिस काय, कोन पन ओढतंय. ऱ्हातोय का ते बघा."

हिरामणनं नळ सोडला. भप्प! मोठी ज्योत पेटली, पाणी कोमट झालं, कढत झालं. बादली अर्धी झाली असेल नसेल, तोच निळ्या ज्योतीत पिवळं मिसळायला लागलं. पिवळी जीभ लांबली, वळवळली, लहान ज्योत एका अंगाला कलली आणि खट्‌. झडप मिटली. वर अंधार, खाली पाणी गार.

चौथा दिवस. चौथ्यांदा.

"ऱ्हायला?"

हिरामणनं नळ बंद केला.

"एकतीस वर्षं कंपनीत हुतो, अख्खा प्लांट माझ्या पान्यावर चालायचा, असं अख्ख्या किहीमला सांगत फिरता. आनि घरातली येक वात ठरंना तुमच्याच्यानं."

"आये, नको सतावू त्यांना," आतल्या खोलीतून प्राप्तीचा आवाज आला, हसरा आणि थोडा दमलेला. "बाबा, तुमच्या गिझरला पन डोहाळे लागलेत. त्याला इचारा, आंबट पायजे का खारट?"

हिरामणला हसू आलं.

प्राप्ती त्यांची एकुलती एक. उरणला दिलेली. जावई निकेत बंदरावर ट्रेलर चालवायचा. लग्नाला सहा वर्षं झाली आणि ही तिसरी खेप. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं सहाव्यात. दुसऱ्यासाठी मनुबाईनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती, ती अजून ट्रंकेत तळाशी होती. कुणी त्यांचं नाव काढत नव्हतं. आता सातवा लागला आणि रविवारी प्राप्ती माहेरी आली. रिक्षातून उतरताना मनुबाईनं तिच्यावरून भाकर-तुकडा ओवाळून टाकला, आणि तिच्या आंघोळीसाठी हिरामणनं या हिवाळ्यात पहिल्यांदा गिझर पेटवला.

तेव्हाच मनुबाई ते बोलली. न्हाणीघराच्या दारात उभी राहून तिनं त्या निळ्या नखाकडं बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "पोरगी आली आनि ही लागली. देव्हाऱ्यातला दिवा उत्तरंच्या वाऱ्यानं मिनटाला इझतोय. हाच माझा नंदादीप. पोर मोकळी होईस्तोवर हा इझू द्यायचा न्हाय."

"अगं, गिझर हाय तो."

"असू द्या. अग्नी तो अग्नीच."

त्याच संध्याकाळी ती विझली होती. मनुबाई रात्रभर कूस बदलत राहिली.

चार दिवसांत हिरामणनं काय केलं नव्हतं? सिलिंडर बदलला. रेग्युलेटर उलटसुलट करून पाहिला. नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघितलं. लहान ज्योतीच्या तोंडाशी खाऱ्या हवेनं हिरवट बुरशी धरली होती, ती माळ्यावरच्या जुन्या स्टोव्हची पिन शोधून काढून साफ केली. तांब्याची काडी सोडवली, पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासली, परत बसवली. आणि दर खेपेला ज्योत विझली की दार उघडं टाकून पाच मिनिटं बाहेर थांबला, मगच दुसरी काडी ओढली. ही शिस्त त्याच्या हाडात होती. कंपनीत त्याच्या हाताखाली नवीन आलेल्या रावजीनं एकदा झडप सारखी मिटते म्हणून तिला तार बांधून ठेवली होती. हिरामणनं ती तार सगळ्यांसमोर कापली आणि स्वतःच्या हातानं रिपोर्ट लिहिला. रावजी आठ दिवस घरी बसला. "झडप मिटते म्हंजे ती काय तरी सांगते," हिरामण तेव्हा सगळ्यांना म्हणाला होता. "तिचं तोंड दाबू नका. ती काय म्हनते ते ऐका."

आणि ही झडप काय म्हणत होती ते त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

ज्योत पिवळी होते म्हणजे तिला श्वास पुरत नाही. गिझरचा धूर बाहेर न्यायला एक पत्र्याचा पाईप होता, मागच्या भिंतीतून बाहेर काढलेला. तो पाईप तेवढा त्यानं बघितला नव्हता. बाकी सगळं बघितलं, घासलं, बदललं. तो बघितला नाही. कारण त्यात काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

बुधवारी दुपारी, मनुबाई आणि प्राप्ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या असताना, त्यानं शिडी लावली.

पाईपच्या तोंडात कुंभारणीचं घर होतं.

ती काळी, बारीक कमरेची माशी. ओली माती तोंडानं आणून, थापून थापून, एकाला एक लावलेली तिची गाडगी. चार-पाच असावीत. पाईपचं तोंड त्यांनी जवळजवळ लिंपून टाकलं होतं, वरच्या अंगाला बोट जाईल एवढी फट तेवढी उरली होती. आणि खालच्या भिंतीवर हळदीकुंकवाची सुकलेली बोटं.

ती बोटं मनुबाईची. भाद्रपदात, निकेतचा फोन आला त्याच दिवशी तिला हे घर दिसलं होतं. "कुंभारीन आली! घरात पाळना हलनार!" म्हणून ती अंगणात नाचायची तेवढी राहिली होती. "हात लावायचा न्हाय कुनी. जिच्या घरात पोटुशी हाय तिनं कुंभारनीचं घर मोडू ने." आणि हिरामण, आयटीआय झालेला, एकतीस वर्षं यंत्रांशी बोललेला हिरामण, तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाला होता, "माशीला काय ठाऊक तुझ्या पोरीचं?"

तो असं म्हणायचा. कायम म्हणायचा. आणि त्यामागं काय होतं ते मनुबाईला ठाऊक नव्हतं.

मागच्या खेपेला, प्राप्तीला सहावा चालू असताना, विजेच्या मीटरच्या पेटीत असंच एक घर होतं. वाचन घ्यायला माणूस येणार म्हणून हिरामणनं ते स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून टाकलं. आत हिरवट, मऊ अळ्या होत्या. त्या त्यानं चपलेनं बाजूला सारल्या. आठव्या दिवशी उरणहून फोन आला.

माशीला काय ठाऊक? काहीच नाही. हे त्याची अक्कल त्याला हजार वेळा सांगत होती. पण अक्कल डोक्यात राहते, आणि भीती मनगटात. शिडीवर उभा राहून त्यानं तोच स्क्रू ड्रायव्हर मातीला टेकवला. एक दाब दिला असता की सुकलेली माती भुरभुरत खाली आली असती, धुराला वाट झाली असती, ज्योत निळी झाली असती. एक दाब.

पडवीतून प्राप्तीचा आवाज आला. "आये, बघ बघ, लाथ मारली! हात लाव ना, इकडं!" आणि मनुबाईचं हसणं. कितीतरी महिन्यांत न ऐकलेलं.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर मागं घेतला. मातीला ओरखडा तेवढा पडला. तो खाली उतरला.

मोडावं तर ही भीती. न मोडावं तर ज्योत विझते. आणि ज्योत विझली की मनुबाईचा चेहरा असा होतो, जसा तो उरणचा फोन ठेवल्यावर झाला होता. चुलीवर पाणी तापवलं असतं तर? पण ज्योतीला नंदादीप म्हणून बसलेली बाई, गिझर का बंद केला ते विचारल्याशिवाय राहिली नसती. मग पाईपचं सांगावं लागलं असतं. मग, मोडा म्हणाली असती तर त्याचा हात धजला नसता, नका म्हणाली असती तर ज्योत टिकली नसती.

त्यानं बांधणीची तार घेतली, वीतभर. ज्योत पेटवली. दोन ओव्या म्हटल्या. आणि अंगठा काढायच्या आधी बटण दाबलेलंच राहील अशी तार गिझरच्या पाठीमागून फिरवून पिळली. नळ सोडला. ज्योत पिवळी झाली, कलली, फडफडली, पण झडप मिटली नाही. तिचं तोंड बांधलेलं होतं.

न्हाणीघराला वर हातभर जाळीची खिडकी होती. हिरामणनं हिशेब केला: जाळी उघडी, वारा आरपार, आंघोळ दहा मिनिटांची. निभेल. दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न.

"झालं का हो?" मनुबाईनं विचारलं.

"झालं."

"काय हुतं?"

"काय न्हाय. कचरा." आणि जरा थांबून, "जाळी तेवढी उघडी ठेवा. वाफ जाऊ दे."

वाफ, म्हणाला तो. वाफ जाऊ दे. धूर म्हणाला असता तरी चाललं असतं.

संध्याकाळी मनुबाईनं चार वेळा जाऊन ज्योत बघितली. चारही वेळा ती होती. पाचव्या वेळी तिनं हिरामणच्या ताटात जिताड्या माशाचं डोकं वाढलं, जे एरवी ती कुणाला देत नसे. "फिटर हायत हो आमचे," ती प्राप्तीला म्हणाली, "उगी न्हाय कंपनीनं शाल दिली." तो खाली मान घालून जेवला.

गुरुवारी सकाळी उत्तरेचा वारा जास्तच सुटला. सुरूची झाडं समुद्रासारखी गरजत होती. आठ वाजता प्राप्ती न्हायला गेली. हिरामण मागच्या परसात नारळाच्या झावळ्या ओढत होता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता, आणि दाराबाहेर पाटावर बसलेल्या मनुबाईचा.

"बसून घे गं. उभं राहून नको. पाठीला कढत घे."

"घेते गं."

"डोक्यावरनं नको आज. वारा हाय."

"आये, बरं वाटतंय इतकं... झोपच यायला लागली."

"मग झोप! पाटावर झोप. नवरा येऊन उचलंल."

दोघी हसल्या. हिरामण तिसरी झावळी ओढायला गेला. मग चौथी. पाणी वाहत होतं. मनुबाई काहीतरी शेजारणीच्या सुनेचं सांगत होती. पाचवी. पाणी वाहतच होतं. मनुबाई म्हणाली, "आयकतेस ना?" आणि आतून काही उत्तर आलं नाही. "लागली तंद्री," ती म्हणाली आणि पुढं सांगू लागली.

हिरामणनं सहज वर बघितलं.

जाळीत गोणपाट कोंबलेलं होतं. चारही बाजूंनी, घट्ट, फटीत चिंध्या सारून. ओल्या अंगाला वारा लागू नये म्हणून आईनं मायेनं कोंबलेलं गोणपाट.

हातातली झावळी कुठं पडली ते त्याला कळलं नाही. तो धावला. "दार उघड! प्राप्ती! दार उघड गं!" मनुबाई पाटावरून उठेपर्यंत त्यानं खांद्यानं पहिला धक्का दिला होता. दुसऱ्या धक्क्याला कडी उपटली.

ज्योत जळत होती. मोठी, पिवळी, पिसाळलेली, गिझरच्या तोंडातून बाहेर जिभा काढत. पांढऱ्या पत्र्यावर काजळीचा पंजा उमटला होता. पाणी वाहत होतं. आणि प्राप्ती भिंतीला टेकून, मान छातीवर, एक हात पोटावर ठेवून बसलेली होती. झोपली असावी अशी. गाल गुलाबी. इतके गुलाबी गाल तिचे लग्नातसुद्धा नव्हते.

"माझे बाय!" मनुबाईच्या किंकाळीनं सुरूवरचे कावळे उठले.

दोघांनी तिला ओढत पडवीत आणलं. अंगावर लुगडं टाकलं. श्वास होता. बारीक, पण होता. "गणराजला हाक मार! रिक्षा!" हिरामण ओरडला, आणि स्वतः श्वास कोंडून परत आत गेला. सिलिंडर बंद करायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सिलिंडर त्यानं बंद केला. मग त्याच हातानं तार उसवून काढली आणि खिशात घातली. का घातली? पुढं हा प्रश्न त्यानं स्वतःला फार वेळा विचारला असेल. त्या घडीला विचारला नाही. हातानं केलं, त्यानं नाही.

गणराजच्या रिक्षात प्राप्तीचं डोकं मनुबाईच्या मांडीवर होतं. रस्ता अलिबागचा, तोच, ज्यावरून रविवारी ती आली होती. वाऱ्यानं तिच्या पापण्या एकदा हलल्या. तिनं ओकारी काढली. "डोकं..." एवढं म्हणाली आणि परत ग्लानीत गेली.

"बोलली! बोलली हो!" मनुबाई रडत होती. "माझ्या बायला कुनाची नजर लागली? मी सगळं पाळलं. सगळं केलं. ज्योत? अवो, ज्योत हाय ना?"

त्यानं पुढं वाकून गणराजला आणखी जोरात घ्यायला सांगितलं.

"अवो, सांगा ना. इझली तर न्हाय?"

"हाय," तो म्हणाला. "जळतेय."

मनुबाईनं डोळे मिटून हात जोडले. हिरामणनं खिशात हात घातला. तार अजून कोमट होती, किंवा त्याला तसं वाटलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर मृणाल होत्या. वयानं प्राप्तीएवढ्याच. त्यांनी कुणाला रडू दिलं नाही. स्ट्रेचर, पडदा, नर्सला हुकूम, सगळं एका दमात. प्राप्तीच्या बोटाला चिमटा लावला, दंडाला पट्टा गुंडाळला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क ठेवला.

"काय झालं नक्की? कोण सांगतंय?"

"न्हात हुती बाय," मनुबाई म्हणाली. "चक्कर आली. पडली न्हाय, बसल्या जागी शुद्ध गेली."

"हातपाय ताठ झाले होते? डोळे फिरवले? तोंडाला फेस?"

"काय ठाऊक बाय... दार बंद हुतं. झालं असंल."

"पायाला सूज आहे. बीपी एकशे पन्नास." डॉक्टरांनी चिमट्याच्या यंत्राकडं पाहिलं. "ऑक्सिजन नव्याण्णव. चला, तो तरी छान आहे. सिस्टर, मास्क काढून त्या दम्याच्या आजींना लावा, त्यांना जास्त गरज आहे." मग अचानक वळून, "काकू, बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का?"

हिरामणच्या छातीत काहीतरी उघडलं. विचारलंन. देवानं विचारलंन.

पण मनुबाई आधीच बोलत होती, डोळे पुसत, आणि त्या रडण्यातही थोड्या ताठ मानेनं. "हाय, पन त्यात काय न्हाय बाय. ह्यांनी कालच नीट केलाय. कंपनीतले फिटर हायत हे, गॅसवरचेच. एकतीस वर्षं. पाईप पन बाहेर काढलाय भिंतीतून."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या, आणि तो प्रश्न संपला. "मग हा बीपीचा झटकाच वाटतोय."

नर्सनं मास्क काढला. प्राप्तीचे गाल तसेच, उमललेल्या जास्वंदीसारखे. पोटावर यंत्र टेकवलं. खोलीत बाळाचे ठोके घुमले. हिरामणला वाटलं, धावत येणारी पावलं असतील. पण ती पावलं थकलेली होती. चिखलातून येत होती. एक... एक... मध्ये एवढी जागा की बापाचा जीव त्यात पडून जावा.

"शंभरच्या खाली जातायत," नर्स हळू म्हणाली.

"झटक्याचं इंजेक्शन भरा. ॲम्ब्युलन्सला सांगा, पनवेलला न्यावं लागेल. तोपर्यंत नाही टिकलं तर..." डॉक्टर थांबल्या. मनुबाईकडं बघून आवाज उतरवला. "काकू, कदाचित बाळ आत्ताच काढावं लागेल. सातवा आहे. मी खोटं सांगत नाही, अवघड आहे."

मनुबाई जमिनीवर बसली. ओरडली नाही. तिचे ओठ हलत होते, ट्रंकेतल्या दुपट्यांचं काहीतरी, आवाज न फुटता.

हिरामण भिंतीशी उभा होता. कंपनीत दर वर्षी एक साहेब येऊन सांगायचा, पडद्यावर चित्रं दाखवायचा: अर्धवट जळलेला गॅस वासाचा नसतो, रंगाचा नसतो. तो रक्तात जाऊन प्राणवायूच्या जागेवर बसतो. माणूस मरत असतो आणि गुलाबी दिसतो. बोटाचा चिमटा त्याला ओळखत नाही, नव्याण्णव दाखवतो. औषध एकच, भरभरून ऑक्सिजन, जितक्या लवकर तितका. हे त्यानं एकतीस वेळा ऐकलं होतं. शेवटची दहा वर्षं तर तोच इतरांना सांगायचा.

सांगायचं. दोन शब्द. पण ते दोन शब्द बाहेर पडले की मागून सगळं ओढत येणार होतं: तार, पाईप, चार दिवसांचं खोटं, ताटातलं जिताड्याचं डोकं. मनुबाई त्याच्याकडं कधीच तशी बघणार नव्हती, जशी काल बघितली होती. निकेतला फोन गेला होता, तो उरणहून निघाला होता, तासाभरात दारात येणार होता. आणि कदाचित झटकाच असेल. डॉक्टर शिकलेल्या आहेत. बीपी एकशे पन्नास आहे. कदाचित आपलं पाप एवढं मोठं नसेलच...

एक... ... एक...

नर्सनं सुई वर धरली, आतली हवा काढली.

"डॉक्टर, थांबा."

आवाज त्याचाच होता, पण कंपनीतला. पाळी संपताना साहेबापुढं उभं राहून रिपोर्ट द्यायचा तो.

"तिला झटका न्हाय आला. गॅस लागलाय. गिझर मी नीट केलेला न्हाय. धुराचा पाईप बंद हाय, कुंभारनीनं आत घर केलंय. त्यानं ज्योत घुसमटत हुती, झडप आपसूक बंद होत हुती. ती झडप मी तारेनं बांधली." त्यानं खिशातली तार काढून स्ट्रेचरवर ठेवली. "खिडकीत गोनपाट हुतं. पंचवीस मिनिटं आत हुती ती. तुमचा चिमटा फसतोय. गाल बघा तिचे."

डॉक्टरांनी प्राप्तीच्या गालांकडं पाहिलं. फक्त एक क्षण.

"सिस्टर, मास्क आणा! पिशवीवाला, घट्ट, पूर्ण फ्लोवर. दुसरा सिलिंडर ओढा. रक्त काढा. इंजेक्शन ठेवा खाली. आणि काका, हे आधी..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. वेळ नव्हता. पडदा ओढला गेला.

पडद्याच्या अलीकडं दोघंच उरली. मनुबाई जमिनीवरून वर बघत होती. पडद्यामागून ऑक्सिजनचा सू-सू आवाज येत होता, आणि त्याच्या खालून ते ठोके, अजून तितकेच लांब लांब.

"तुमाला ठाऊक हुतं?" ती म्हणाली. "पाईप बंद हाय ते ठाऊक हुतं?"

"पयल्या दिसापासून."

"मग मोडलं का न्हाय? माजं आयकायचं काय कारन हुतं? तुमी कवा मानलंत माजं? हसता तुमी. माशीला काय ठाऊक म्हनता. एक काडी घालायची आनि मोडायचं!"

हिरामण तिच्यासमोर खाली बसला. लादी गार होती. तिचे हात धरावेत असं त्याला वाटलं, पण धरले नाहीत.

"मागल्या खेपंला मीटरच्या पेटीत हुतं एक घर," तो म्हणाला. "ते मी मोडलं, मने. तुला सांगितलं न्हाय. आठ दिसांनी उरनचा फोन आला. तवापासून मी तुझ्याहून जास्त मानतो."